फुलोऱ्याआधीच काढावे रस्त्याकडेचे गाजर गवत

पावसाच्या पहिल्या दोन-तीन दमदार सरी पडल्या की पेरणीच्या धांदलीत शेताबाहेरच्या रस्त्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत साइडपट्टीवर, चारीच्या काठाने व मोरीच्या तोंडाशी गाजर गवताची रोपे जमिनीला चिकटून गोलाकार पसरू लागतात. उगवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत या तणाला पांढरी फुले येतात. काढणीसाठी हाताशी असलेला काळ एवढाच आहे. एका जोमदार झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होऊ शकतात आणि मातीत गाडल्या गेलेल्या बिया काही वर्षे जिवंत राहतात, म्हणून फुलोऱ्यानंतर केलेल्या काढणीचा खर्च बहुतांशी वाया जातो.

हे तण मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते रस्ते व लोहमार्गांच्या कडेने देशभर पसरले. त्याला उघडी, उकरलेली, सावली नसलेली जमीन मानवते आणि रस्त्याची कड नेमकी तशीच असते. वाहनांच्या चाकांना लागलेला चिखल, भरावासाठी आणलेला मुरूम, चारीतून वाहणारे पाणी आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी मळणीयंत्रे यांच्याबरोबर त्याचे बी सहज पुढे सरकते. शेतात कितीही मनापासून खुरपणी केली, तरी रस्त्याच्या चारीचे पाणी ज्या कोपऱ्यातून शेतात शिरते तेथे दर पावसाळ्यात तण नव्याने उगवते. त्यामुळे काढणीची सुरुवात त्या कोपऱ्यापासून आणि पाण्याच्या वरच्या अंगाने करावी.

पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असताना रोपे मुळासकट उपटणे हा छोट्या पट्ट्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय आहे. विळ्याने किंवा यंत्राने वरून छाटल्यास बुडख्यापासून नवे फुटवे येतात आणि ते जमिनीलगतच फुलतात. फुलोऱ्यात यंत्र चालवले तर बी पात्यांना चिकटून पुढच्या कित्येक किलोमीटरपर्यंत पेरले जाते, हे मी विशेष आग्रहाने सांगू इच्छितो. ज्या पट्ट्यात छाटणी आवश्यकच आहे, तेथे ती फुले येण्यापूर्वी करावी आणि स्वच्छ भागातून तणाच्या भागाकडे जावे. काम संपल्यावर यंत्र तेथेच झाडून घ्यावे.

उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर मास्क वापरावा, कारण या तणाच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा त्रास होतो आणि त्याच्या परागकणांमुळे शिंका, सर्दी व दमा बळावतो. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांना या कामावर पाठवू नये. फुले न आलेली झाडे खड्ड्यात टाकून कंपोस्ट करता येतात. फुलोऱ्यातील झाडे मात्र कंपोस्टमध्ये टाकू नयेत आणि रस्त्याकडेला ढीग करूनही ठेवू नयेत. ती न झटकता पोत्यात भरून खोल खड्ड्यात पुरावीत.

सगळी कड खरवडून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. जेसीबीने गवताचे आवरण काढले की जमीन क्षणभर नीटनेटकी दिसते, पण भरावाची माती पावसात वाहून जाते आणि उघड्या जागेवर गाजर गवतच आधी येते. स्थानिक गवताची दाट मुळे साइडपट्टी धरून ठेवतात, म्हणून ते राखून फक्त वळणांवर आणि सूचनाफलकांसमोर दृष्टी मोकळी राहील इतकेच कापावे. तण उपटल्याने मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी टाकल्यास ते झपाट्याने वाढून गाजर गवताला दाबते.

तणनाशक हा शेवटचा पर्याय समजावा आणि तोही रस्त्याची देखभाल करणाऱ्या यंत्रणेच्या परवानगीनेच वापरावा. अनिवडक, म्हणजे सर्वच वनस्पती मारणाऱ्या तणनाशकाने गवतही मरते व जमीन पुन्हा उघडी पडते. २,४-डी हे रुंद पानांची तणे मारणारे तणनाशक गवत राखते, परंतु त्याचे तुषार वाऱ्याने उडून कापूस, द्राक्ष, टोमॅटो आणि कडधान्यांचे गंभीर नुकसान करतात; शेजारी अशी पिके असल्यास ते वापरूच नये. वारा असताना, पावसाचा अंदाज असताना किंवा चारीत पाणी असताना फवारणी करू नये. मात्रा लेबलवरील सूचनेप्रमाणेच घ्यावी आणि फवारलेल्या कडेचे गवत जनावरांना घालू नये.

फवारणीपूर्वी पाने उलटून पाहावीत. मेक्सिकोतून आणून १९८४ पासून भारतात सोडलेले झायगोग्रामा भुंगेरे पावसाळ्यात वाढतात, आणि त्यांच्या अळ्या व प्रौढ दोघेही गाजर गवताची पाने खातात. ज्या पट्ट्यात त्यांची संख्या चांगली आहे तो पट्टा न फवारता सोडावा. त्यांनी कोवळी रोपे खाल्ली की फुलोरा बराच कमी होतो. कोरड्या दिवसांत ते मातीत सुप्त राहतात, म्हणून तेथे माती उकरू नये.

पहिल्या काढणीनंतर ३ ते ४ आठवड्यांनी त्याच जागेवर पुन्हा फेरी मारावी, कारण बी एकदम उगवत नाही आणि प्रत्येक चांगल्या सरीनंतर नवी रोपे येतात. फेरीला जाताना भडक रंगाचा अंगरखा घालावा, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड ठेवून काम करावे आणि वळणाच्या आतल्या बाजूला एकट्याने बसू नये.