पुनर्विकासाचा सल्ला देण्याआधी सभासदांचं ऐकावं कसं?

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार मुंबईतल्या सोसायटीला पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे पीएमसी (म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रकल्प सल्लागार) असो, आर्किटेक्ट असो की वकील, सगळे सह्यांच्या बेरजेमागे लागतात. गाडं मात्र अडतं ते सही न केलेल्या चार-पाच घरांपाशी.

आधी त्या घरी जा. सभेत माणूस शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून बोलतो, घरी स्वतःचं बोलतो. लॅपटॉप पिशवीतच राहू द्या. एफएसआयचा, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येतं त्याचा, तक्ता उघडला की समोरचा गप्प झालाच म्हणून समजा.

मग "तुमचा विरोध का?" असं विचारू नका, तो उलटतपासणीचा प्रश्न झाला. समजा, पार्ल्यातल्या एखाद्या काकू म्हणाल्या, "मला कॉर्पस नको नि काही नको, मला इथून हलवू नका." कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम. इथे बरेच सल्लागार लगेच बांधकाम होईपर्यंतच्या दुसऱ्या घराचं भाडं वाढवून देण्याची भाषा करतात. त्याऐवजी विचारा, "काकू, दुसरीकडे राहायला गेलात तर पहिली अडचण कसली येईल?" आणि थांबा. चहा संपेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. "ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. हॉस्पिटल इथून चालत पाच मिनिटं." अडलं होतं ते इथे. भाड्याचा आकडा कितीही फुगवला असता तरी सही झाली नसती.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे हॉस्पिटलजवळ, लिफ्टच्या इमारतीत घर मिळालं तर तुम्ही विचार कराल, बरोबर?" चुकत असाल तर त्या तिथल्या तिथे सांगतील. मात्र "बघतो" म्हणून उठू नका. समोरचा "बघतो" म्हणजे होकार समजू शकतो आणि पुढे तोच तुमच्या अंगाशी येतो. काय हातात आहे, काय बिल्डरशी बोलावं लागेल, ते वेगळं करून सांगा.

गप्प बसणाऱ्यांकडेही लक्ष हवं. वडिलांच्या नावावरचं घर, नॉमिनी थोरला मुलगा आणि तोच एकटा बोलतोय, तर धाकट्यांनाही वेगळं भेटा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचा वाद करारनाम्याच्या दिवशी कळला तर फार उशीर झालेला असतो.

त्याच संध्याकाळी टिपण काढा, शक्यतो सभासदाच्याच शब्दांत. "फ्लॅट ७ : विरोध" ही नोंद कुचकामी. "फ्लॅट ७ : डायलिसिस, हॉस्पिटल जवळ हवं" ही नोंद करारातलं एक कलम होऊ शकते.