आण्णांना ऱ्हाइन दाखवताना: परदेशात शिकणाऱ्या सांगलीकर मुलांसाठी

सांगली-मिरजेकडची बरीच मुलं आता मास्टर्सला जर्मनीत येतात आणि पहिली थंडी सरली की घरच्यांना बोलावण्याचे बेत सुरू होतात. जरूर बोलवा. फक्त काय काय दाखवायचं याची यादी करण्याआधी येणाऱ्या माणसाचं आयुष्य कशात गेलंय ते आठवा. माझे आण्णा, म्हणजे वडील, सांगलीजवळच्या हरिपूरचे. हळद आणि कृष्णा सोडून त्यांचा जीव कुठं रमत नाही. मी कोलोनला शिकते आणि त्यांचं फिरणं ठरवताना मी हेच धरून चालले.

आधी तारखा. आमच्याकडं हळदीची काढणी, शिजवणी आणि पॉलिश एप्रिलपर्यंत उरकतं, नवी लागण मेच्या मध्यावर सुरू होते. मधले दिवस शेतकऱ्याला मोकळे. इकडंही तेव्हा हवा छान असते, उजेड रात्री नऊपर्यंत राहतो आणि आपल्या परीक्षा जुलैवर असतात.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा लागतो. खर्चाची हमी देणारं सरकारी पत्र काढायला पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं, ते विद्यार्थ्याला सहसा जमत नाही. त्यापेक्षा वडिलांचीच कागदपत्रं भक्कम करा: बँकेचं स्टेटमेंट, ठेवींच्या पावत्या, सातबारा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडा. हा माणूस परत येणार, हे या कागदांवरून दिसलं पाहिजे आणि उभ्या शेताइतका चांगला पुरावा दुसरा नाही. सोबत तुमचं निमंत्रणपत्र, विद्यापीठाचा दाखला आणि राहण्याच्या परवान्याची प्रत द्या.

सामानात पेढे, तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला प्रवाशांना बंदी आहे. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर मागवा.

आता मुद्द्याचं, म्हणजे फिरणं. कोलोनच्या स्टेशनातून बाहेर आलं की समोरच डोम, म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल उभं. मनोऱ्यावर जायला 533 पायऱ्या आहेत. साठीच्या पुढच्या गुडघ्यांना त्या चढायला लावू नका, आत निवांत बसवा. आण्णांना मी सांगितलं, पाया 1248 चा आणि काम संपलं 1880 ला. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं बांधकाम ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "काम थांबलं, पण क्रेन उतरवली नाही. म्हंजे पुरं करायचं मनात हुतंच."

पण त्यांचा दिवस खरा सार्थकी लागला तो नदीकाठी. जुन्या गावाजवळ ऱ्हाइनच्या काठावर पाण्याची पातळी दाखवणारं एक मोठं गोल घड्याळ आहे. छोटा काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. आण्णा समोर जाऊन उभे राहिले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पट्टी त्यांना आठवली.

"आयर्विन पुलावरच्या पट्टीसारखं हाय की हे. धोक्याची खूण कुठली?"

मी म्हटलं, "आण्णा, 8.30 मीटर झालं की जहाजं बंद करतात."

"आपलं चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. आणि हितलं सगळ्यात जास्त?"

1995 च्या जानेवारीत 10.69 मीटर. ते ऐकल्यावर मला पुढं काही दाखवावंच लागलं नाही. पूर आला की इथं काठावर तात्पुरत्या भिंती उभ्या करतात, हे कळल्यावर त्या कशात बसवतात, किती वेळ लागतो, पाणी खालून झिरपत नाही का, असे प्रश्न सुरू झाले. 2005 च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे साठवणीची जमिनीतली कोठारं पाण्याखाली गेलेली त्यांनी पाहिली आहेत, 2019 लाही घर सोडावं लागलं होतं. माझ्याजवळ उत्तरं नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जलव्यवस्थापन शिकणाऱ्या मित्राला जेवायला बोलावलं. पॅरिसची ट्रिप रद्द केली आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. तुमच्या घरचं माणूस शिक्षक असेल तर शाळा दाखवा, देवभोळं असेल तर आखेनचं कॅथेड्रल, गवंडी असेल तर बांधकामावर तासभर थांबू द्या.

फिरायला डॉइचलँड टिकीट घ्या. 2023 साली 49 युरोला सुरू झालेलं हे मासिक तिकीट 2026 पासून 63 युरोला आहे. लोकल, ट्राम, बस सगळ्यावर चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीवर नाही. सबस्क्रिप्शन असतं, घरचे परत गेल्यावर ते वेळेत बंद करा. एका दिवशी एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन भात-आमटी. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणा.

औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह आणायला सांगा, कारण ब्रँडची नावं इकडं वेगळी. विम्यात जुने आजार बहुतेकदा धरलेले नसतात, ते ओळीनं वाचा. विमान बदलताना भाषेची अडचण येणार असेल तर विमान कंपनीकडं किमान 48 तास आधी मदतनिसाची मागणी नोंदवा. त्यासाठी चालता येत असलं तरी व्हीलचेअर घ्यायला लावा. आण्णा आधी नको म्हणत होते, आता गावात दुसऱ्यांना तेच सांगतात.