व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्कचा खरा वेग कसा मोजावा

महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये आमच्या ग्राहकाचं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) उभं केलं, तेव्हा डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडनं डिस्कवर लिहिण्याचा वेग सेकंदाला 1.9 जीबी दाखवला. सगळे खूश. दोन दिवसांनी वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसातून अकाउंटंट बाईंचा फोन आला, "अहो, एक बिल सेव्ह व्हायला पाच-सहा सेकंद लागतायत. जुन्या पीसीवर याहून बरं चालायचं."

होस्टमध्ये, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या संगणकावर चालतं त्यात, साधी साटा जोडणीची एसएसडी होती. साटाची मर्यादा सेकंदाला 6 गिगाबिट, त्यातून प्रत्यक्षात 550 एमबीच्या आसपास डेटा जातो. म्हणजे 1.9 जीबी हा आकडा त्या डिस्कचा असूच शकत नव्हता. तो रॅमचा वेग होता आणि मी तो डिस्कचा म्हणून रिपोर्टात लिहून दिला होता. म्हणून मोजण्याची माझी पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे.

कॅशे कुठे कुठे बसलाय ते आधी पाहा

वर्षाचा मसाला माळ्यावरच्या बरणीत असतो, रोजचा मिसळणाच्या डब्यात. फोडणी घालताना कोणी माळ्यावर चढत नाही. कॅशे म्हणजे हा डबा. साध्या संगणकात तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या रॅममध्ये असतो. व्हीएममध्ये मात्र डब्यांची उतरंडच असते. वर व्हीएमची स्वतःची रॅम, तिच्याखाली होस्टची रॅम, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर त्याची मेमरी आणि शेवटी एसएसडीच्या आतला कॅशे. डेटा यांपैकी कुठेही थांबला तरी व्हीएमला वाटतं, काम झालं.

बहुतेकांची चूक इथेच होते. व्हीएममध्ये डायरेक्ट मोड (कॅशे वगळून थेट वाचणं-लिहिणं) लावला किंवा ड्रॉप कॅशेस (रॅममधला कॅशे रिकामा करण्याची सोय) चालवलं, की कॅशे संपला असं आपण धरून चालतो. संपतो तो फक्त वरचा डबा. होस्टच्या रॅमवर व्हीएमची सत्ता चालत नाही.

होस्टची सेटिंग तपासा

क्यूएमयू-केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डिस्कला कॅशे मोड असतो. 'नन' असेल तर होस्टची रॅम वगळून डेटा थेट खाली जातो; मोजायला हाच मोड बरा, आणि त्यावर बेतलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये मुळात तोच असतो. 'राइटबॅक'मध्ये होस्टच्या रॅममध्ये पोचताच लिखाण झालं असं कळवलं जातं, पण व्हीएमनं फ्लश (कॅशेमधला डेटा डिस्कवर पक्का करणं) मागितला तर तो पाळला जातो. 'राइटथ्रू'मध्ये डिस्कवर पोचल्याशिवाय होकार मिळत नाही, मात्र वाचन होस्टच्या रॅममधून होऊ शकतं. 'अनसेफ' फ्लशकडे लक्षच देत नाही. त्याचे आकडे डोळे दिपवतात आणि वीज गेली की डेटाबेसची वाट लागते. हिशेबाच्या मशीनवर तो मोड कोणी लावलेला दिसला तर आधी तो काढा, चाचणी नंतर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्टोरेज कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये होस्ट आयओ कॅशेचा चौकोन असतो. त्यावर टिक आहे का ते पाहा.

चाचणीची फाइल मोठी घ्या

व्हीएमला 4 जीबी रॅम आहे म्हणून 8 जीबीची फाइल, हा हिशेब अपुरा आहे. होस्टचा कॅशे मध्ये असेल तर फाइल होस्टच्या रॅमच्या दुप्पट हवी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क हे डिस्कच्या चाचणीचं सॉफ्टवेअर मुळात 1 जीबीची फाइल घेतं. 64 जीबी रॅमच्या होस्टवर ती अख्खी रॅममध्ये मावते आणि पुन्हा पुन्हा तिथूनच वाचली जाते.

फाइल शून्यांनी भरू नका. शून्यं कॉम्प्रेस होतात, काही ठिकाणी लिहिलीच जात नाहीत. पातळ तरतुदीच्या डिस्कवर, म्हणजे थिन प्रोव्हिजनिंगमध्ये, कधीच न लिहिलेला भाग वाचला तर खालच्या डिस्कला हात न लावता शून्यं परत येतात. वाचनाची चाचणी घेण्याआधी फाइल खऱ्या, विस्कळीत डेटानं भरून घ्या. एफआयओ हे डिस्कच्या चाचणीचं साधन ते काम स्वतःच करतं, म्हणून मी डीडी सोडून ते वापरतो.

तुमचं काम जसं, तशी चाचणी

बॅकअप किंवा व्हिडिओ ठेवायचे असतील तर 1 एमबीचे ब्लॉक सलग लिहून बघा. डेटाबेस असेल तर 4 केबीचे ब्लॉक, विखुरलेल्या जागी, रांगेत एका वेळी एकच मागणी, आणि प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का झाल्याची पोच मागणं. हा एफसिंकच महत्त्वाचा. कचेरीत अर्ज टेबलावर ठेवून येणं वेगळं आणि आवक नोंदवहीत नंबर पडून पोच मिळणं वेगळं. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर ही पोच मागतो.

वेळ किमान पाच मिनिटं द्या. स्वस्त एसएसडीतला जलद भाग भरेपर्यंत वेग छान दिसतो, मग एकदम कोसळतो. अॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या जीपी2 डिस्कचं कारण वेगळं, परिणाम तोच: 100 जीबीच्या डिस्कचा कायमचा हक्क 300 आयओपीएसचा (सेकंदाला इतक्या वाचन-लिखाणाच्या मागण्या), पण साठवलेल्या क्रेडिटवर ती काही काळ 3000 पर्यंत धावते.

दोन्हीकडे एकदम बघा

होस्टवर प्रवेश असेल तर ही पायरी चुकवू नका. व्हीएममध्ये वाचनाची चाचणी सुरू करा आणि दुसऱ्या खिडकीत होस्टवर आयओस्टॅट (डिस्कवर किती वाचन-लिखाण चाललंय ते दाखवणारी कमांड) दर सेकंदाला चालू ठेवा. व्हीएम म्हणतंय सेकंदाला 2 जीबी वाचतोय आणि होस्टच्या डिस्कसमोर शून्य, तर सगळं रॅममधून चाललंय. लिखाणात तर आणखी स्पष्ट दिसतं: चाचणी संपलेली असते आणि होस्टची डिस्क त्यानंतरही धापा टाकत लिहीत असते.

प्रवेश नसेल, मशीन भाड्याचं असेल, तर आकडा भौतिकशास्त्राशी ताडून पाहा. 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते. नुसती अर्ध्या फेऱ्याची वाट बघायला सरासरी 4.17 मिलिसेकंद जातात. अशी एक डिस्क विखुरलेल्या वाचनात हजारो आयओपीएस दाखवत असेल, तर मध्ये कोणता तरी कॅशे आहेच.

रिपोर्टात नुसता वेग लिहू नका. कॅशे मोड, फाइलचा आकार, ब्लॉक, एफसिंक होता की नाही आणि किती मिनिटं चालवलं, हे सगळं शेजारी लिहा. सरासरीबरोबर सर्वांत संथ 1 टक्का मागण्यांना लागलेला वेळही लिहा. माणसाला अडकल्यासारखं वाटतं ते तिथेच.

त्या बिलाच्या मशीनवर मी एफसिंकसह चाचणी पुन्हा लावली. सेकंदाला शंभरच्या आतबाहेर लिखाणं होत होती, आणि त्यांचं सॉफ्टवेअर एका बिलामागे काही शे वेगवेगळे कमिट (डेटाबेसमध्ये पक्क्या होणाऱ्या नोंदी) करत होतं. पाच सेकंद कुठे जात होते ते कळलं. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली, म्हणजे वीज गेली तरी आतल्या कॅशेमधला डेटा वाचवणारी आणि म्हणून पोच लगेच देणारी, एसएसडी बसवली, तीच चाचणी तशीच चालवली, आणि मग बाईंना फोन लावला. "आता एक बिल करून बघता का?" फोन चालू असतानाच पलीकडून प्रिंटरचा आवाज आला.