टाइल कटरचा तिरका काप कसा सुधारला
पाण्यावर चालणारा टेबल कटर मांडला आणि पहिल्या ३ टाइल वाया गेल्या. काप शेवटाकडे तिरका, कडेला टवके. आधी पात्यालाच शिव्या घातल्या. मग प्लग काढून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला. पातं टेबलाशी काटकोनात होतं, पण आधारपट्टीचं (जिला टेकवून टाइल पुढे सरकवतो) अंतर पात्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी मोजलं तर चक्क २ मिमीचा फरक! पट्टीवरच्या खुणांवर विसंबलो, तिथेच फसलो. दोन्हीकडे सारखं माप घेऊन आवळली, काप सरळ.

टवके मात्र उडतच होते. मऊ विटेत चार-पाच काप घेतल्यावर पात्याच्या कडेतले बुजलेले हिरेकण (हेच टाइल कापतात) उघडे पडले. शिवाय टाइलची चकाकीची बाजू वर, शेवटचा इंचभर अगदी सावकाश. आणि हो, वायरला सॉकेटखाली झोळ (खाली लोंबणारा बाक) ठेवा, नाहीतर वायरवरून ओघळणारं पाणी थेट सॉकेटात शिरेल.