फक्त मोबाइलला दोष देऊ नका: उजेड, झोप आणि शरीराचं घड्याळ यांबाबत या चुका टाळा

झोप लागत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: रात्री मोबाइल बघू नका. सल्ला खोटा नाही. पण तो इमानेइतबारे पाळूनही रात्री एक वाजेपर्यंत कूस बदलत पडणारे पुष्कळ असतात. नाइट मोड लावून झालेला असतो, पिवळ्या काचांचा चष्मा घेऊन झालेला असतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत गेलेला असतो, आणि झोपेचा पत्ता नसतो. अशा माणसाला मी आधी विचारेन, की दुपारी बारा वाजता तुम्ही कुठे बसला होतात? कारण उजेडाच्या बहुतेक चुका सूर्य मावळण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

खोलीतला उजेड पुरेसा आहे असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती चूक आहे हे लक्षातही येत नाही, कारण डोळा फसवतो. कमी उजेडात बाहुली मोठी होते, दृष्टिपटल (डोळ्यातला मागचा पडदा) स्वतःला जुळवून घेतं आणि खोली छान उजळलेली वाटते. आकडे मात्र वेगळंच सांगतात. संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत साधारण 50 ते 200 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, चांगल्या ऑफिसात 300 ते 500. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी काही हजार लक्स सहज मिळतात, आणि लख्ख उन्हात आकडा एक लाखापर्यंत जातो.

विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर लक्स मोजणारं एखादं अ‍ॅप घ्या. मोजमाप ढोबळ असतं, पण तुलनेला पुरतं. दिवसा मोबाइल खिडकीशी धरा, मग तीन-चार पावलं आत येऊन जिथे खुर्ची आहे तिथे धरा. आकडा कसा कोसळतो ते बघा. डोळ्यांना दोन्ही जागा जवळपास सारख्याच वाटत असतात.

शरीराच्या घड्याळाला मात्र हा फरक नेमका कळतो. दृष्टिपटलात पाहण्याच्या नेहमीच्या पेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या थोड्या पेशी असतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आणि किती वेळ आहे, हे त्या मेंदूला कळवतात. सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्यांचा निरोप पोचतो मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असलेल्या पेशींच्या एका इवल्याशा पुंजक्याकडे. सुमारे 20,000 पेशींचा हा पुंजका म्हणजेच आपलं मुख्य घड्याळ.

हे घड्याळ मोकळं सोडलं तर बहुतेक माणसांमध्ये ते 24 तासांपेक्षा थोडं हळू चालतं. 1962 साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने राहिला. बाहेर आला तेव्हा तारीख होती 14 सप्टेंबर आणि त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट. मनाचा हिशेब असा पार चुकला, पण झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र साडेचोवीस तासांच्या आसपास टिकून होतं. ही रोजची थोडी थोडी पिछाडी भरून काढायचं काम मुख्यतः उजेड करतो. दिवस अंधुक खोलीत गेला तर ते काम अर्धवट राहतं, आणि उलट रात्रीच्या उजेडाचा जोर वाढतो. दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसावर संध्याकाळच्या दिव्यांचा परिणाम कमी होतो.

2013 साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात काही जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं. दिवे नाहीत, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. त्यांना मिळणारा उजेड रोजच्यापेक्षा सुमारे चौपट झाला आणि शरीराची घड्याळं साधारण दोन तास अलीकडे आली. एवढं सगळ्यांना जमणार नाही हे उघड आहे. पण सकाळी अर्धा तास चालणं, दुपारचं जेवण किंवा एखादा फोन बाहेर उभं राहून, आणि टेबल भिंतीकडून खिडकीकडे सरकवणं एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

कातडीवर ऊन घेतलं म्हणजे झालं

ड जीवनसत्त्व आणि शरीराचं घड्याळ यांची लोक गल्लत करतात. ड जीवनसत्त्वासाठी अतिनील किरण कातडीवर पडावे लागतात, आणि ते खिडकीच्या काचेत अडतात. घड्याळासाठी लागतो तो दिसणारा प्रकाश. तो काचेतून येतो, पण डोळ्यांवाटेच पोचावा लागतो. म्हणजे उन्हाकडे पाठ करून डोळे मिटून बसलात तर एक काम होईल, दुसरं जेमतेमच. 1998 साली गुडघ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश टाकून घड्याळ सरकतं असा दावा झाला होता आणि तो बराच गाजलाही. 2002 साली काटेकोर चाचणीत तो टिकला नाही. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे सांगायला नको. मोकळ्या आभाळाखाली वावरणं पुरतं.)

चुकीच्या वेळी चांगला उजेड

इथे भल्याभल्यांची गडबड होते, कारण ‘सकाळचा उजेड चांगला’ हा नियम सगळ्यांना सरसकट लावला जातो. उजेड घड्याळ पुढे ढकलतो की मागे ओढतो, हे भिंतीवरच्या वेळेवर ठरत नाही. शरीराचं तापमान दिवसभरात ज्या क्षणी सगळ्यात कमी होतं, त्यावर ठरतं. तो क्षण नेहमी आपोआप जाग येते त्या वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी येतो. त्याच्या आधी मिळालेला उजेड झोप उशिरावर ढकलतो, नंतर मिळालेला अलीकडे आणतो.

आता समजा, एखाद्याला रात्री तीनला झोप लागते आणि गजर नसेल तर अकराला जाग येते. त्याचा तो क्षण सकाळी आठ-नऊच्या सुमाराला. हा माणूस शिस्त लावायची म्हणून एकदम सहाचा गजर लावतो आणि डोळे चोळत बाहेर फिरायला जातो. त्याच्या शरीराच्या लेखी ती मध्यरात्र आहे. त्या उजेडाने घड्याळ आणखी उशिरावर जातं, चार दिवसांनी तो वैतागून नाद सोडतो आणि ‘मला हे लागू पडत नाही’ म्हणतो. त्याने उठल्या उठल्या, म्हणजे अकरालाच, बाहेर पडायला हवं. मग दर दोन-तीन दिवसांनी गजर वीस-तीस मिनिटं अलीकडे आणायचा. शनिवार-रविवारी जाड पडदे ओढून दुपारपर्यंत झोपलात तर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पूर्वेकडे लांबच्या प्रवासातही हाच घोळ होतो. आठ तासांचा फरक असलेल्या ठिकाणी सकाळी सातला उतरलात, तर शरीरात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पहिल्या दिवशी सकाळभर गडद गॉगल घालून दुपारनंतर उन्हात भटकणं फायद्याचं ठरतं.

आणि संध्याकाळी साडेसातला पेंगणाऱ्या, पहाटे तीनला टक्क जागे होणाऱ्या आजी-आजोबांचं गणित बरोबर उलट. त्यांना संध्याकाळी उजेड हवा आणि पहाटे तो टाळायला हवा. प्रत्यक्षात घडतं भलतंच: संध्याकाळी घरात एकच मिणमिणता दिवा, आणि तीनला जाग आली की स्वयंपाकघरातली ट्यूब चालू. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो, त्यामुळे त्यांना दिवसाचा उजेड तरुणांपेक्षा जास्तच लागतो.

नाइट मोड लावला, डोक्यावरचा दिवा तसाच

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार. हातातला स्क्रीन पिवळा केला, पण वर दोन एलईडी लखलखताहेत आणि झोपायच्या ऐन आधी बाथरूमच्या आरशावरच्या दिव्यासमोर उभं राहून दात घासणं चालू आहे. रंग बदलल्याने थोडा फरक पडतो, पण मुळात किती उजेड डोळ्यात जातो हे जास्त महत्त्वाचं. पिवळा दिवाही प्रखर असेल तर रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दाबतोच. 2015 साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांना मंद खोलीत झोपण्याआधी चार तास चमकत्या स्क्रीनवर पुस्तक वाचायला दिलं. कागदी पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सरासरी सुमारे 10 मिनिटं जास्त लागली. चार तासांच्या वाचनाला दहा मिनिटं! मोबाइल जागं ठेवतो तो बऱ्याचदा त्यातल्या मजकुरामुळे, आणि मजकुरावर कुठलाही पिवळा पडदा चालत नाही.

झोपण्याआधीचे तीन तास छताचे दिवे बंद, खाली ठेवलेला एखादा मंद दिवा चालू, एवढी सवय जास्त उपयोगी. नवऱ्याला टीव्हीसमोर झोप लागते म्हणून बायकोलाही लागावी असं मात्र नाही. संध्याकाळच्या उजेडाबद्दलची संवेदनशीलता माणसामाणसांत 50 पटींहून जास्त बदलते, असं 2019 साली दिसून आलं आहे. लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा बरीच हळवी असतात.

दिवा लावून झोपणं

मिटलेल्या पापणीतून थोडा उजेड आत जातोच. 2022 साली एका प्रयोगात निरोगी तरुण माणसांना एक रात्र सुमारे 100 लक्स उजेडात झोपवलं. मंद खोलीत झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या हृदयाचे ठोके रात्री जलद राहिले आणि सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी झाला. अंधाराची भीती वाटते, किंवा रात्री उठावं लागतं? मग जमिनीलगत, पलंगावरून थेट न दिसणारा तांबूस दिवा लावा.

उदासीसाठी दिवा घेतला आणि कोपऱ्यात ठेवला

हिवाळ्यातल्या उदासीचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली केलं, आणि तेव्हापासून प्रखर दिवे, आता सहसा 10,000 लक्सचे, उपचारात वापरले जातात. 2016 साली ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही त्यांचा उपयोग दिसला. पण खोक्यावरचा 10,000 हा आकडा ठरावीक अंतरालाच खरा असतो. दिवा दुप्पट लांब सरकवला की हातात अर्ध्याहूनही कमी उरतं. सकाळी उठल्यावर लवकर, अर्धा तास, चेहऱ्यासमोर पण जरा बाजूला, अतिनील किरण गाळणारा दिवा, अशी साधारण पद्धत आहे. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आठवडा-दोन आठवडे तरी द्या. दुहेरी मनोविकार (बायपोलर) असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण त्यात उन्माद उसळू शकतो. दृष्टिपटलाचे आजार असतील किंवा उजेडाने त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, तरीही आधी विचारून घ्या.

सगळं करूनही जमत नसेल तर

रात्रपाळी असेल तर वरचे बरेच नियम उलटे लागतील: पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेड, सकाळी घरी येताना गडद गॉगल (गाडी स्वतः चालवत असाल आणि झोप अनावर असेल तर गॉगल नको), आणि खोली पूर्ण काळोखी. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर घड्याळ पूर्ण फिरवायच्या फंदातच पडू नका.

बाकीच्यांनी दोन आठवडे झोपण्याच्या, उठण्याच्या आणि बाहेर काढलेल्या वेळेची नोंद ठेवावी. झोप एरवी ठीक, फक्त भलत्या वेळी येते असं त्यात दिसलं, तर उजेडाने काम होण्याची शक्यता चांगली. पण आठ तास झोपूनही दिवसभर डोळे मिटत असतील, मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं चालू असेल, किंवा रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर खिडकी-पडद्यांची खटपट थांबवा आणि झोपेच्या विकारांचे डॉक्टर गाठा.