पावसाळा सरल्यावर परड्यातील ठिबक संच हिवाळ्यासाठी सज्ज कसा करावा

हिमाचल किंवा काश्मीरच्या डोंगराळ भागात हिवाळा तोंडावर आला की बागेच्या नळ्यांमधील पाणी पूर्णपणे काढून टाकतात, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि बंद नळीत त्याला जागा न मिळाल्याने नळी, जोड किंवा तोटी फुटते. बेळगाव परिसरात, अगदी कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावरही, थंडीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरला तरी जमिनीवरच्या नळ्यांत पाणी गोठण्याची भीती नसते. आपल्या संचाचे नुकसान थंडीने होत नाही, ते त्याआधीच्या चार महिन्यांत होते. जून ते सप्टेंबर संच बंद पडून असतो, तेवढ्या काळात नळ्यांत बारीक चिखल बसतो, ड्रीपरमध्ये, म्हणजे झाडापाशी थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडांत, मुंग्या शिरतात, उंदीर नळी कुरतडतात आणि टाकीच्या तळाशी गाळाचा थर साचतो. पुढे मेथी, वाटाणा, नवलकोल, टोमॅटो यांना पाण्याची खरी गरज लागते तेव्हा हाच संच एकाएकी सुरू केला जातो आणि निम्मी झाडे कोरडी राहतात.

दसऱ्यानंतर पाऊस थांबला आणि वाफ्याची वरची माती हाताला कोरडी लागू लागली की हे काम हाती घ्यावे. साध्या परड्याला एक सकाळ पुरते. त्या सकाळी पाळण्याचा मुख्य नियम असा, की नळ्यांची शेवटची टोके मोकळी केल्याशिवाय मोटर किंवा टाकीची तोटी सुरू करू नये. मी एका वर्षी ही घाई केली होती. साचलेला सगळा गाळ दाबाने ड्रीपरमध्ये जाऊन बसला आणि मिरचीच्या दोन ओळी आठवडाभरात माना टाकून उभ्या राहिल्या, तोवर कारण लक्षातच आले नव्हते.

सुरुवात पाण्याच्या उगमापासून करावी आणि पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पुढे सरकत जावे. विहिरीवर किंवा आडावर मोटर असेल तर आधी वीज बंद करून वायरीचे जोड, पेटीतील ओल आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पावसाळाभर ओलाव्यात राहिलेल्या मोटरीला हात लावण्यापूर्वी जाणकार वायरमनला दाखवणे अधिक सुरक्षित असते, आणि या बाबतीत पैसे वाचवू नयेत. मोटर सुरू होऊनही पाणी उचलत नसेल तर बहुधा फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाण्यात बुडालेल्या नळीच्या तळाच्या झडपेत, कचरा अडकून तो नीट बसत नसतो.

टाकीचा तळ रिकामा करून घासून घ्यावा. टाकीतून नळ्यांकडे जाणारी तोटी तळाला टेकलेली असेल, तर ती चार-पाच इंच वर घेतल्यास खाली बसलेला गाळ नळ्यांत जात नाही. टाकीवर घट्ट झाकण असावे. ऊन आत शिरले की शेवाळ वाढते, आणि ते गाळणीतून सुटून पुढे ड्रीपरमध्ये चिकटून बसते.

गाळणीला, म्हणजे फिल्टरला, लोक सर्वांत कमी वेळ देतात. तो उघडून जाळी किंवा चकत्या वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवाव्यात. जाळी उजेडासमोर धरून बारीक फाट तपासावी, कारण 120 मेशच्या, म्हणजे इंचाला 120 छिद्रांच्या, जाळीला एवढीशी भेग पडली तरी ती गाळणी राहत नाही. रबरी रिंग वाळून तडकली असेल तर बदलावी. परत बसवताना पाण्याच्या दिशेचा बाण बघावा. उलटा बसवलेला फिल्टर पाणी सोडतो, पण काम करत नाही.

यानंतर नळ्या धुवाव्यात. मुख्य नळीच्या टोकाची झाकणी काढून पाणी सोडावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे. पहिल्या मिनिटाला चहासारखे, मग ताकासारखे आणि शेवटी निर्मळ पाणी येते. त्यानंतरच वाफ्यांमधील लॅटरलची, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या बारीक नळ्यांची, टोके उघडावीत, आणि तीही एका वेळी दोन-तीनच, कारण सगळी टोके एकदम उघडल्यास दाब विभागला जातो आणि पाण्याच्या वेगाअभावी गाळ जागचा हलत नाही. टोके दुमडून बांधलेली असतील तर दुमडीच्या जागी नळीला चीर गेली आहे का ते बघावे. उंदराने कुरतडलेली जागा कापून जोडणी लावणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, तिला चिकटपट्टी गुंडाळू नये.

आता ड्रीपर. तोंडाशी काय साचले आहे ते पाहूनच उपाय ठरवावा, कारण आपल्या जिल्ह्यात पाणी एकसारखे नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळ्या जमिनीत बोअरचे पाणी जड असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरट खडा जमतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकावा, बारीक बुडबुडे आले तर तो चुनाच समजावा. खानापूरकडे तांबड्या, जांभ्याच्या मातीत विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर बुळबुळीत, गंजाच्या रंगाचा चिकटा दिसतो. मुंग्यांनी भरलेला ड्रीपर वेगळा ओळखू येतो, तो काढून जमिनीवर आपटला की कोरडी बारीक माती आणि अंडी गळतात.

चुन्यासाठी घरगुती बागेत लिंबूसत्त्व पुरेसे आहे. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून काढलेले ड्रीपर त्यात रात्रभर बुडवावेत आणि सकाळी साध्या पाण्याने धुवावेत. शेतात मोठ्या संचासाठी आम्लप्रक्रिया करतात, परंतु परड्याला तिची गरज नसते आणि तीव्र आम्ल घरात आणणे धोक्याचे आहे. लोहाच्या चिकट्यासाठी पाणी टाकीत उंचावरून पडेल असे सोडावे. हवा लागून लोहाचा गाळ बनतो, तो रात्रभर खाली बसतो, आणि सकाळी वरचे पाणीच नळ्यांना द्यावे. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरायची असेल, तर आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये, एकामागोमाग एकाच भांड्यात वापरू नये. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि तो श्वसनास घातक असतो. पिनने तोंड टोकरणे टाळावे. छिद्र मोठे झाले की एकाच झाडाला पाणी जास्त जाते आणि ओळीच्या शेवटच्या झाडांना कमी पडते.

सगळे जोडून झाले की मोजमाप करावे, कारण ड्रीपर थेंब टाकतो आहे एवढ्यावरून तो नीट चालतो असे समजता येत नाही. सारख्या आकाराच्या वाट्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली ठेवून पाणी बरोबर 3 मिनिटे सोडावे आणि मापाच्या पेल्याने मोजावे. ताशी 4 लिटरचा ड्रीपर पूर्ण दाबाला 3 मिनिटांत 200 मिलिलिटर देतो आणि ताशी 2 लिटरचा 100 मिलिलिटर. मात्र पूर्ण दाब म्हणजे साधारण दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाब, आणि तो 10 मीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. घराच्या गच्चीवरील टाकी 3 मीटर वर असेल तर दाब 0.3 किलोच मिळतो आणि साधा ड्रीपर जवळपास निम्मेच पाणी देतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा वाट्यांची एकमेकींशी तुलना महत्त्वाची. शेवटची वाटी पहिलीपेक्षा स्पष्टपणे रिकामी दिसली तर त्या ओळीत अडथळा आहे किंवा नळी गरजेपेक्षा लांब आहे. दाब-नियंत्रित ड्रीपर विकत घेताना हेही लक्षात ठेवावे, की त्यांना ठरावीक किमान दाब लागतो आणि टाकीच्या उंचीवर तो बहुधा मिळत नाही. अनेक घरांत नवे कोरे ड्रीपर असूनही पाणी न येण्याचे कारण हेच निघते.

पाण्याची वेळ व प्रमाण हा हिवाळ्याचा खास भाग. एप्रिल-मे महिन्यांत ठरवलेली वेळ तशीच ठेवल्यास डिसेंबरात मुळांपाशी पाणी साचते आणि काळ्या मातीत तर वांगी, टोमॅटोची मुळे कुजू लागतात.  पाणी केव्हा द्यायचे ते घरच्या बागेत बोटच अधिक खरे सांगते. ड्रीपरपासून वीतभर दूर दोन बोटे माती उकरावी, आत ओल व गारवा असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. तांबडी माती लवकर निथळते, तिला थोडे पण वरचेवर पाणी द्यावे. काळ्या मातीला दोन पाळ्यांमध्ये अंतर ठेवावे, आणि तिला भेगा पडण्याइतके मात्र नसावे.

पाणी सकाळी ऊन वर आल्यावर सोडावे. संध्याकाळी सोडले तर रात्रीचे दव आणि ओली माती मिळून झाडाच्या बुडाशी ओलावा टिकतो आणि भुरी, करपा यांसारख्या रोगांना वाव मिळतो. मोठ्या झाडांजवळील ड्रीपर खोडापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला सरकवावेत, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तिथेच असतात. नारळ, पपई आणि कढीपत्ता यांच्या आळ्यात पालापाचोळा पसरला की पुढच्या पाळीचे अंतर वाढते. टायमर लावलेला असेल तर जुन्या सेलची हिरवट गंज पुसून नवे सेल घालावेत आणि पाणी सोडण्याची वेळ एकदा समोर उभे राहून चालवून बघावी.

शेवटी वाट्यांतील मिलिलिटरचे आकडे ओळींच्या खुणेसह वहीत लिहून ठेवावेत. जानेवारीअखेर हीच मोजणी त्याच ड्रीपरखाली पुन्हा करावी, आणि ज्या ओळीचा आकडा खाली आला असेल तिचेच टोक पहिल्यांदा उघडावे.