थंडरबर्डचं कॅलेंडर फोनवर आणायचंय? मग इम्पोर्टच्या नादी लागू नका

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, हळदवाल्यांची रिटर्नं, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, मधेमधे सुनावण्या, सगळं थंडरबर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्रॅमच्या, कॅलेंडरात टाकलेलं असतं. ते फोनवर कसं दिसेल हे ज्याला विचाराल तो एकच सांगतो, फाईल एक्स्पोर्ट करून गूगलला इम्पोर्ट करा, झालं. काही होत नाही त्यानं.

कॅलेंडरसाठी पूर्वी वेगळं लागायचं ते लायटनिंग नावाचं ॲड-ऑन शोधत बसू नका, २०२० च्या ७८ व्हर्जनपासून कॅलेंडर थंडरबर्डमध्येच आहे. फोनवर जे गूगल अकाउंट आहे तेच इथं वापरायचं.

आता खरी गोम. एक्स्पोर्ट केल्यावर मिळते ती आयसीएस फाईल म्हणजे त्या दिवशी काढलेली झेरॉक्स, नंतर मूळ कागदावर खाडाखोड केली तर झेरॉक्स बदलते का? मीपण इम्पोर्ट करून निवांत बसलेलो. पुढं एका सुनावणीची तारीख बदलली, ती मी ऑफिसात नीट बदलली, फोन मात्र जुनीच दाखवत राहिला आणि मी सकाळी सकाळी कोल्हापूरला जाऊन हात हलवत परत आलो, वर पक्षकाराची बोलणी. मग कुणीतरी गूगलच्या सेटिंगमधली आयकॅलची सिक्रेट लिंक थंडरबर्डला जोडायला सांगितली. तीही फसवी. फोनवरचं कॉम्प्युटरवर दिसतं, पण कॉम्प्युटरवरनं त्यात एक अक्षर बदलता येत नाही.

दोन्हीकडनं चालतं ते कॅलडॅव्ह, म्हणजे कॅलेंडर दोन्हीकडं जुळतं ठेवणारी जोडणी. थंडरबर्डात न्यू कॅलेंडर, मग 'ऑन द नेटवर्क', युजरनेममध्ये पूर्ण जीमेल पत्ता, लोकेशन रिकामं सोडा आणि फाइंड कॅलेंडर्स दाबा. गूगलची लॉगिनची खिडकी येईल, तिथं परवानगी द्या, हवी ती कॅलेंडरं टिक करून सबस्क्राइब. लॉगिन सारखं सारखं मागत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का बघा.

आणि इथंच थांबू नका, माझा निम्मा महिना इथंच गेला! जुन्या नोंदी 'होम' कॅलेंडरात असतात आणि ते फक्त त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर असतं, फोनला त्याचा पत्ताच नसतो. त्या नोंदी एकदाच एक्स्पोर्ट करून गूगलच्या वेबसाइटवर सेटिंगमधनं इम्पोर्ट करा (इम्पोर्टचा उपयोग एवढाच), फोनवर आल्यात का बघा आणि मगच होम बंद करा. चालू ठेवलं तर नवीन नोंद करताना यादीत जे कॅलेंडर निवडलेलं असेल त्यात ती जाऊन बसते, चुकून होम निवडलेलं असलं की फोन गप्प. माझं ऐका, बंदच करा.

अँड्रॉइडवर गूगल कॅलेंडर ॲपात त्या कॅलेंडरचं सिंक चालू करा, आयफोनवर सेटिंगमध्ये गूगल अकाउंट जोडून कॅलेंडर ऑन करा.

नोंद लगेच दिसली नाही म्हणून घाबरू नका, थंडरबर्ड आपणहून दर ३० मिनिटांनी बघतं, कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये ते ५ करा. तिथंच रिमाइंडरची टिकही काढून टाका, नाहीतर २० तारखेला फोन आणि कॉम्प्युटर दोघंही एकदम बोंबलतात आणि समोर बसलेला व्यापारी विचारतो, काय ओ, आग लागली काय?